चूल, ओटा आणि रांगतें मूल



भाजण्याला आपल्या मराठी भाषेंत जितके शब्द आहेत, तितके दुसऱ्या एखाद्या दुखापतीला क्वचितच असतील. जीभ पोळते, बोटाला चटका बसतो, पदर पेटतो, अंग होरपळतें, भाकरी करपते आणि पाय भाजतो. भाकरी भाजणें आणि मूल भाजणें या दोहोंना एकच क्रियापद चालतें, हें लक्षांत आलें म्हणजे अंगावर कांटा उभा राहतो. पण त्यांत नवल नाहीं. ज्या घरांत दिवसाचे चार-सहा तास विस्तव हातापाशीं असतो, त्या घराच्या बोलण्यांत तो पदोपदीं यावयाचाच. आज मला बोलावयाचें आहे तें अशा घरांतील लहान मुलांविषयीं. रांगूं लागल्यापासून शाळेंत जाईपर्यंतच्या वयाच्या, आणि ज्यांच्या आईबापांची प्राप्ति बेताची आहे अशा मुलांविषयीं.

बोलण्यास एखादें गांव डोळ्यांपुढें असलेलें बरें, म्हणून मी लोणीचें नांव घेतों. लोणी म्हणतांच पुणेकरांना लोणी काळभोर आठवेल, कोणाला प्रवरानगरजवळचें लोणी आठवेल. मी म्हणतों तें लोणी आंबेगांव तालुक्याच्या पूर्व अंगाला, पाबळहून धामणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्याच तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरचा धुवांधार पाऊस आणि डिंभ्याचें धरण; परंतु लोणी-धामणीकडील हीं गांवें पावसाच्या छायेंत पडलेलीं. उन्हाळ्यांत हंडाभर पाण्याची किंमत काय, हें येथील बाईला विचारावें. ही पाण्याची गोष्ट आपण मनांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

आतां अशा गांवांतील एका खोलीच्या घरांत सकाळीं डोकावून पाहूं. चूल जमिनीवर आहे आणि तिला लागून वैल आहे. चुलीवर आंघोळीच्या पाण्याचा हंडा, वैलावर चहाचें पातेलें. चुलीबाहेर आलेलीं लांकडांचीं टोकें मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर. हंडा उतरला कीं तवा चढतो आणि बाई खालीं बसून भाकरी थापूं लागते. कारण भाकरीला तळहाताचा जोर लागतो आणि तो बसूनच नीट येतो. उतरलेलें सारें तिच्या उजव्या-डाव्या अंगाला जमिनीवर ठेवलेलें असतें. तिच्या मागून मूल रांगत येतें. आईच्या पाठीला धरून उभें राहणें आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे हात घालणें हा त्या वयाचा आवडता उद्योग. पलीकडे काय आहे तें आपण पाहिलेंच.

या चित्रांत आगडोंब कोठेंहि नाहीं. वर्तमानपत्रांत छापून येतात त्या आगी. अगदीं लहान मुलें बहुधा ज्वाळेनें भाजत नाहींत. तीं कढत पातळ पदार्थांनीं भाजतात. चहा, दूध, आमटी, भाताचें आधण आणि आंघोळीचें पाणी, हीं त्यांचीं कारणें. आंघोळीच्या पाण्याचें तर मला विशेष वाटतें. आपल्याकडे कढत पाणी आधीं बादलींत किंवा घंगाळांत ओतावयाचें आणि मग विसण आणावयाला उठावयाचें, अशी पुष्कळ घरांत रीत आहे. त्या चार पावलांच्या फेरींत मूल बादलींत हात घालतें किंवा तोल जाऊन आंत बसतें. आधीं गार पाणी ओतावें आणि त्यांत कढत मिळवावें, एवढा क्रम बदलला तर याला एक पैहि खर्च नाहीं. शहरांत चूल गेली, पण तिच्या जागीं बादलींत सोडावयाची विजेची कांडी आली. तिनें पाणी तर तापतेंच, शिवाय विजेचें भय निराळें. चुलीच्या घरीं आणखी एक छुपें संकट आहे. विझली असें वाटणारी चूल विझलेली नसते. राख वरून पांढरी आणि थंड दिसते, खालीं निखारा जिवंत असतो. अंगणांत ओतलेल्या अशा फुफाट्यांत मुलाचें पाऊल पडतें. मोठ्या माणसाचा पाय झटकन् मागें येतो. लहान मूल मात्र भेदरून तेथेंच उभें राहतें.

पाणी उकळतें असेल तरच भाजतें, असा पुष्कळांचा समज आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड येथें मॉरित्झ आणि हेन्रिकेज या दोघांनीं १९४७ सालीं या विषयावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांवरून असें ठरलें कीं, ६० अंश सेंटिग्रेडच्या पाण्यानें प्रौढ माणसाची कातडी सुमारें ५ सेकंदांत खोलवर भाजते; तेंच पाणी ४९ अंशांचें असेल तर त्याला ५ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. मुलाची कातडी पातळ, म्हणून त्याच्या बाबतींत हा अवधि याहूनहि कमी. चुलीवरून नुकताच उतरलेला चहा ६० अंशांच्या पुष्कळच वर असतो, आणि कपांत ओतल्यावर आपल्याला पिण्याजोगा वाटतो तेव्हांहि तो मुलाच्या छातीला पिण्याजोगा नसतो. शिवाय मुलाच्या अंगाचा हिशेब वेगळा. बोस्टन येथील लंड आणि ब्राउडर यांनीं १९४४ सालीं भाजल्याचें क्षेत्र मोजण्याचा जो तक्ता केला, त्यांत तान्ह्या मुलाचें डोकें हा त्याच्या एकंदर त्वचेचा जवळजवळ पांचवा हिस्सा धरला आहे. प्रौढाचें डोकें दहाव्या हिश्शालाहि भरत नाहीं. म्हणजे वरून सांडलेला एक पेला चहा आपल्याला तळहाताएवढी जखम देईल, तर मुलाचें डोकें, मान आणि छाती धरील. मुलाचा स्वतःचा हात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या त्वचेचा शंभरावा भाग. असे दहा हात भरतील इतकें मूल भाजलें तर तें संकट केवळ कातडीचें राहत नाहीं. अंगांतील पाणी झपाट्यानें कमी होतें आणि शिरेंतून पाणी द्यावें लागतें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें भाजण्यामुळें जगांत दरसाल सुमारें १ लाख ८० हजार माणसें मरतात आणि तीं बहुतेक गरीब व मध्यम प्राप्तीच्या देशांतील असतात. आपल्या देशांत मध्यम वा गंभीर स्वरूपांत भाजणाऱ्यांची संख्या ती संघटना वर्षाला १० लाखांहून अधिक सांगते. आंकडे एवढेच पुरेत.

असें मूल दवाखान्यांत आलें कीं सुशिक्षित माणसाच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो, "आई काय करीत होती?" प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. आई स्वयंपाक करीत होती, चुलींत लांकूड सारीत होती, मोठ्या मुलाला शाळेंत धाडीत होती, आणि उजाडल्यावर तिला दुसऱ्याच्या शेतावर जावयाचें होतें. तिला "लक्ष ठेव" असें सांगणें म्हणजे जी वस्तु तिच्यापाशीं शिल्लक नाहीं ती तिच्याकडे मागणें होय. माझ्या मतें या विषयांतील सर्व चुकीचा मार्ग या एका प्रश्नापासून सुरू होतो.

हा मार्ग इंग्लंडनें चालून पाहिलेला आहे. तेथें थंडीमुळें घरोघर उघडी शेगडी असे आणि मुलांचे कपडे पेटत. १९०८ च्या बालकविषयक कायद्यानें असें ठरविलें कीं, सात वर्षांखालील मूल जाळी नसलेल्या शेगडीच्या खोलींत राहूं दिलें आणि तें भाजून मेलें किंवा गंभीर जखमी झालें, तर पालकाला दहा पौंडांपर्यंत दंड करावा. म्हणजे मूल भाजल्यावर, आणि तेंहि शोकांत बुडालेल्या बापाला! पुढें बर्मिंगहॅम येथें भाजलेल्यांच्या विभागांत डॉ. लेनर्ड कोलब्रुक हे काम करीत. बाळंतज्वरावरील नव्या औषधाची परीक्षा करणारे म्हणून ते आधींच प्रख्यात होते. जखमा भरण्यांत ते निष्णात खरेच. पण जखमा होऊंच नयेत म्हणून शेगडीच्या जाळीसाठीं आणि सहजासहजीं न पेटणाऱ्या कपड्यांसाठीं त्यांनीं जो पिच्छा पुरविला, त्याचें मोल मला अधिक वाटतें. १९५२ सालीं निराळा कायदा झाला. त्याअन्वयें गॅसची, विजेची वा तेलाची शेगडी जाळीवांचून विकण्यासच बंदी झाली. जबाबदारी आईच्या डोळ्यांवरून काढून कारखानदाराच्या हातावर ठेवली गेली.

आपल्या अगदीं शेजारचें उदाहरण सिंहलद्वीपाचें, म्हणजे आजच्या श्रीलंकेचें आहे. तेथील गरिबांच्या घरीं रिकाम्या बाटलींत रॉकेल घालून, बुचाला भोंक पाडून, त्यांतून वात काढीत. उंच, हलकी बाटली. धक्का लागला कीं उलटली. डॉ. विजय गोडकुंबुर या शल्यवैद्यांनीं एक बुटका, जड कांचेचा दिवा तयार केला. त्याला दोन बाजू चपट्या आहेत, म्हणून तो कलंडला तरी गडगडत नाहीं. टोपण आट्याचें आहे, म्हणून तेल सांडत नाहीं. बाजारांत मिळणाऱ्या एका बुटक्या बाटलीवरून ही कल्पना त्यांना सुचली. या कामाबद्दल १९९८ सालीं त्यांना रोलेक्स पारितोषिक मिळालें. वाचून मला आपल्या जुन्या घरांतील देवळी आठवली. भिंतींत, मुलाचा हात पोंचणार नाहीं अशा उंचीवर दिव्यासाठीं कोनाडा ठेवणाऱ्या गवंड्यानेंहि हेंच केलें होतें. मात्र त्याला पारितोषिक कोणी दिलें नाहीं.

दिव्याला देवळी मिळाली; चूल मात्र जमिनीवरच राहिली. मला जें सांगावयाचें आहे तें एवढेंच : मूल जमिनीवर आणि विस्तवहि जमिनीवर, या दोघांची पातळी एक आहे तोंवर उपदेशानें फारसें साधणार नाहीं. दोघांपैकीं एकाची जागा बदलली पाहिजे.

कोणी म्हणेल, आतां गॅस आला आहे. खरें आहे. २०१६ सालच्या मे महिन्यांत उज्ज्वला योजना सुरू झाली आणि जेथें पिढ्यान्‌पिढ्या चूल होती तेथें सिलिंडर पोंचलें. जुन्नर भागांत गरोदर स्त्रियांना गॅसच्या शेगड्या व सिलिंडरें देऊन केलेली एक पाहणीहि २०१९ सालीं प्रसिद्ध झाली आहे. पण या साऱ्या खटाटोपांत डोळा होता तो धुरावर, आणि तो योग्यच होता. चटक्याकडे तितकें लक्ष गेलें नाहीं. गॅसची शेगडी आली तरी घरांत ओटा नाहीं. म्हणून ती चुलीच्या शेजारीं जमिनीवर बसली, आणि सिलिंडर तिच्यापेक्षां उंच राहिलें. शेगडी सिलिंडरहून उंच असावी, असें गॅसवाले स्वतःच सांगतात. शिवाय सिलिंडर संपलें आणि पैसे नसले कीं चूल पुनः पेटते. तेव्हां इंधन बदललें म्हणजे जागा बदलली असें नव्हे.

ओटा हा खरा उपाय. अडीच-तीन फूट उंचीचा विटांचा किंवा दगडांचा ओटा, त्यावर शेगडी मागें सरकवलेली, भांड्यांच्या मुठी भिंतीकडे वळवलेल्या. दोन वर्षांचें मूल टांचा उंच करून हात वर केल्यास तीन फुटांहून वर पोंचतें, म्हणून नुसता ओटा पुरत नाहीं. कडेला कांहीं ठेवूं नये. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचें किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविलें आहे आणि त्यांत स्वयंपाकासाठीं स्वच्छ स्वतंत्र जागा धरलेली आहे. मग त्या जागेंत ओटा बांधूनच घर ताब्यांत द्यावें. मागाहून बांधूं म्हटलेला ओटा गरिबाच्या घरीं बांधला जात नाहीं. त्याच्या आधीं बियाणें येतें, आजारपण येतें, लग्न येतें.

जी बाई उभ्यानें भाकरी थापूं शकत नाहीं, आणि घरांतील वडीलधाऱ्या सासूबाईंना तर तें सुचणेंहि अवघड, तिच्यासाठीं मूल अडविलें पाहिजे. चुलीभोंवतीं हातभर उंचीचा मातीचा कठडा, किंवा स्वयंपाकाच्या कोपऱ्याला आडवी लावलेली बाज, यानें रांगतें मूल थांबतें. चालणारें मूल बाजेवर चढेल, हें कबूल. त्याला लोखंडी कठडा पाहिजे. लोणीच्या शेजारीं पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं स्थापन केलेला विज्ञान आश्रम आहे. तेथें मुलें लोखंडकाम आणि बांधकाम हातानें करून शिकतात. असा कठडा हें त्यांच्यासारख्यांच्या हातचें काम आहे. गावोगांवच्या लोहारांनाहि तें अवघड नाहीं.

परंतु ज्यांना घरच नाहीं त्यांचें काय? आंबेगांव तालुक्यांतच पारगांवाजवळ दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. गाळपाचा हंगाम आला कीं अशा प्रत्येक कारखान्याच्या परिसरांत बीडकडून आणि इतर कोरडवाहू भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांच्या हिशेबांत नवराबायको मिळून एक 'कोयता' असतो. मुलाचा हिशेबांत उल्लेख नाहीं. राहावयास पाचटाची कोपी, तीन दगडांची चूल कोपीच्या दाराशीं, थंडीचे दिवस, म्हणून रात्रीं शेकोटी. वाळकें पाचट किती झटकन् पेटतें हें शेतकऱ्याला सांगावयास नको. पहाटेच्या अंधारांत आईबाप फडावर जातात आणि तान्हें भावंड सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन होतें. भूक लागली कीं तीच चूल पेटविते. १९४८ च्या कारखाने अधिनियमानें स्त्री-कामगारांच्या मुलांसाठीं पाळणाघराची तरतूद केली होती, पण ती कारखान्याच्या फाटकाच्या आंत. ऊस तोडणारी बाई फाटकाच्या बाहेर. तळावर एक पत्र्याची सामाईक स्वयंपाकाची जागा, कोप्यांपासून दूर बांधलेल्या उंच चुली, आणि पहाटेपासून मुलें सांभाळणारी एक पगारी बाई, एवढें साखरेच्या एका हंगामाच्या उलाढालींत जड नाहीं. हें भाषण ऐकणाऱ्यांत कारखान्याचे सभासद असतील, बागाईतदार असतील, इंजिनिअर असतील. तळाची जागा आंखतांना हात त्यांचाच असतो. आणि शहरांतील श्रोत्यांपैकीं ज्यांच्याकडे काम करणारी बाई आपलें मूल बरोबर आणते, त्यांनीं तें मूल स्वयंपाकघराच्या फरशीवर न बसवितां बाहेरच्या खोलींत बसवावें. तेवढ्यासाठीं कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

आतां पाण्याकडे वळतों. मूल भाजलें तर पहिलें औषध पाणी. भाजलेल्या भागावर साधें गार पाणी २० मिनिटें सारखें ओतावें. लगेच जमलें नाहीं तरी तीन तासांच्या आंत ओतल्यास उपयोग होतो. बर्फ लावूं नये. ही सूचना नळाच्या देशांत लिहिली गेली आहे. लोणीसारख्या गांवीं, चैत्र-वैशाखांत, २० मिनिटें वाहतें पाणी कोठून आणावयाचें? त्याला युक्ति आहे. भाजलेला हात परातीवर किंवा स्वच्छ घमेल्यावर धरावा, तांब्यानें पाणी ओतावें आणि खालीं सांचलेलें तेंच पाणी पुनः तांब्यांत घ्यावें. कोमट लागूं लागलें कीं थोडें बदलावें. एका हंड्यांत काम भागतें. बाकीचें अंग कोरड्या कपड्यानें गुंडाळून ठेवावें, कारण लहान मूल फार लवकर गारठतें. भाजलेल्या भागावरचे कपडे काढावे, पण कातडीला चिकटलेलें कापड ओढूं नये. वाळे, मनगट्या, करदोटा हें सर्व आधीं काढावें. थोड्या वेळानें सूज आली म्हणजे तेंच फांस होतें.

इतक्यांत शेजारच्या आजी येतात आणि म्हणतात, "अगं, पोराला आधीं लोणी लाव, थंडावा पडेल." ज्या गांवाचें नांवच लोणी, तेथें हें ऐकून घेण्यावांचून गति नाहीं, परंतु लोणी, तूप, तेल, हळद, शाई, दांत घासण्याची पेस्ट, यांपैकीं कांहींहि लावूं नये. स्निग्ध पदार्थानें उष्णता आंत कोंडते, आणि रंगीत पदार्थानें जखम किती खोल आहे हें डॉक्टरला दिसत नाहीं. आजींना काम पाहिजेच असेल तर तांब्या त्यांच्या हातीं द्यावा. कपडे पेटले असतील तर मुलाला पळूं देऊं नये. आडवें पाडून घोंगडींत गुंडाळावें. लोंकर सहसा भडकत नाहीं, म्हणून घोंगडी नायलॉनच्या पांघरुणाहून बरी.

पाणी ओतून झाल्यावर धुतलेलें सुती फडकें सैलसें झांकावें आणि मूल दवाखान्यांत न्यावें. चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा गुप्तांग भाजलें असेल, मुलाच्या स्वतःच्या पंजाहून जखम मोठी असेल, किंवा मूल वर्षाच्या आंतलें असेल, तर घरीं थांबूंच नये. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि गरज पडल्यास तेथून पुण्याला ससूनमध्यें पाठवितात.

एक गोष्ट बहुधा सांगावयाची राहून जाते. जखम भरली म्हणजे काम संपलें असें आईबापांना वाटतें. पण खोल भाजलेल्या जागेची नवी कातडी ताठर असते; मूल वाढतें, ती वाढत नाहीं. बोटें तळहाताकडे ओढलीं जातात, कोपर सरळ होत नाहीं, मान एका बाजूला वळते. जो हात पाटीवर अक्षर काढणार होता तो मूठ होऊन बसतो. हें टाळावयाचें तर जखम भरत असतांनाच सांधा पट्टीनें सरळ बांधून ठेवावा लागतो, रोज हलवावा लागतो, आणि मूल वाढेल तसें पुनःपुनः दाखवावें लागतें; कधीं शस्त्रक्रिया करावी लागते. लोणीच्या मुलाला हें कसेंबसें जमेल. ऊसतोडीच्या टोळींतलें मूल मात्र होळीच्या सुमारास आपल्या गांवीं परत जातें आणि पुढच्या हंगामांत कदाचित् दुसऱ्याच कारखान्यावर असतें. त्याच्या जखमेचा कागद, त्यावर पुढें केव्हां व कशासाठीं दाखवावयाचें हें साध्या मराठींत लिहून, दवाखान्यानें आईच्याच हातीं द्यावा. आणि टोळी निघण्यापूर्वीं मुकादमानें तो तिच्या गांठोड्यांत आहे कीं नाहीं हें पाहावें.